ऊन अडवा, वारा येऊ द्या: कोल्हापूरच्या घरांसाठी पट्ट्यांच्या झडपा

कोयना एक्स्प्रेसनं मुंबईहून परतताना साताऱ्याच्या पुढे ऊन उजव्या खिडकीत येतं. गाडी दक्षिणेकडे धावत असते, सूर्य कललेला असतो आणि उजवीकडच्या बाकांवरचे लोक एकामागून एक हात वर करतात. खिडकीच्या वरच्या खाचेत दोन झडपा अडकवलेल्या असतात. एक काचेची, दुसरी आडव्या पत्र्याच्या पट्ट्यांची. नवखा माणूस काचेची ओढतो आणि दहा मिनिटांत घामानं निथळतो. मग शेजारचा कुणीतरी सांगतो, "अहो, ती नको, पट्ट्याची घ्या." ती खाली आली की मांडीवरचं ऊन सरतं, वारा मात्र गालाला लागत राहतो. कऱ्हाडपर्यंत डोळा लागतो.

हीच पट्ट्यांची झडप आता 'प्लांटेशन शटर' या नावानं गृहसजावटीच्या कॅटलॉगांतून आपल्याकडे येते आहे. लाकडाची चौकट, तिच्यात अडीच ते साडेचार इंच रुंदीच्या हलत्या पट्ट्या, एका दांडीनं सगळ्या एकदम फिरणाऱ्या, आणि बहुतेक वेळा पांढराशुभ्र रंग. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी इथं जुन्या बंगल्यांच्या जागी नवी घरं उठताहेत, कळंबा-उचगावच्या बाजूला फ्लॅट होताहेत, आणि पडदे लावायचे की शटर हा प्रश्न घराघरात निघतो आहे. आपल्याकडे नुसतं 'शटर' म्हटलं की दुकानाचं लोखंडी रोलिंग शटर समजतात. म्हणून सुताराकडे गेलात तर 'हलत्या पट्ट्यांची झडप' म्हणा किंवा 'लूव्हरची झडप' म्हणा, चटकन कळतं.

मी या विषयात शिरले ती स्वतःच्या एका चुकीमुळे. ती पुढे सांगते. पण दोन वर्षं खिडक्या मोजून, सुतारांशी बोलून आणि ओळखीपाळखीच्या घरांत डोकावून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकते. ही झडप आपल्या हवेला अतिशय योग्य आहे. कॅटलॉगात मात्र ती जिथं लावलेली दिसते, म्हणजे काचेच्या आत, पडद्याच्या जागी, ती जागा आपल्यासाठी चुकीची आहे.

आधी नावाबद्दल दोन शब्द. प्लांटेशन म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले आणि कॅरिबियन बेटांवरचे कापसाचे, उसाचे, तंबाखूचे अवाढव्य मळे. तिथं राबत होती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं, आणि मालकाच्या हवेशीर बंगल्याला अशा झडपा असत. उसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला हे नाव उच्चारताना तो इतिहास ठाऊक असावा असं मला वाटतं. वस्तू त्या मळ्यांहून जुनी आहे. फ्रेंच तिला 'जालुझी' म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत तोच शब्द मत्सरालाही आहे, कारण आतल्याला बाहेरचं दिसावं पण बाहेरच्याला आतलं दिसू नये. इटलीत ती 'पर्शियाना', म्हणजे इराणकडची. इंग्रज तिच्या पट्ट्यांच्या पडद्याला व्हेनिसचं नाव देतात. या दोघांनीही ती दुसऱ्याकडून आल्याचं सांगितलं आहे. हिंदुस्थानात तिला झिलमिल म्हणत. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द नोंदलेला आहे. किती नेमका शब्द आहे! उन्हाचे तुकडे भिंतीवर हलताना पाहिलेल्या माणसानंच तो घडवला असणार. गिरगावातल्या खोताच्या वाडीतली जुनी घरं पाहिली, पणजीच्या फोंताइन्यासमधून चक्कर मारली, की या झडपा अजून कामावर असलेल्या दिसतात. गोव्यात तर काच दुर्मीळ होती तेव्हा शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी जाळीत बसवून खिडक्या केल्या. उजेड गाळून घेण्याचीच ती दुसरी तऱ्हा.

कोल्हापुरात माझ्या मावशीच्या मंगळवार पेठेतल्या घराला दोन मजल्यांना दोन तऱ्हा होत्या. खाली भरीव फळ्यांची दारं, वर माडीला पट्ट्यांची. उन्हाळ्याच्या दुपारी माडीवर सगळी पोरं एका रांगेत झोपवायची आणि झडपा ओढून घ्यायच्या हा शिरस्ता. पट्ट्या हलत्या नव्हत्या, खाचेत पक्क्या ठोकलेल्या होत्या. त्यामुळे दुपारी तीनला पुस्तक वाचायचं तर झडप किलकिली करावी लागे आणि मावशीची हाक येई. पट्टी हलती करण्यात जी सोय आहे ती तेव्हापासून माझ्या लक्षात आहे.

ही झडप गेली कशी? ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीनं ती घालवली. सरकती खिडकी स्वस्त, पटकन बसणारी, पावसात न फुगणारी. तिचे गुण मी नाकारत नाही. पण दोन रुळांवरची खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. तीन रुळांची घेतली तर एका रुळावर डासांची जाळी येते आणि उघडी जागा पुन्हा तेवढीच. उरलेल्या निम्म्यात काच, आणि त्या काचेतून ऊन. मग उन्हाला पडदा, पडद्यानं वारा बंद, वाऱ्यासाठी पंखा, पंखा पुरेना म्हणून एसी. एका झडपेचं काम चार वस्तूंत वाटलं गेलं आणि तरी नीट होत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. झडप निवडताना रंगाच्या आणि लाकडाच्या आधी खिडकीचं तोंड कुठं आहे ते पाहावं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ८ मेच्या आसपास आणि पुन्हा ५ ऑगस्टच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो, पण ते दिवस बरेचसे ढगांतच जातात. २२ डिसेंबरला, सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतानासुद्धा, मध्यान्ही तो क्षितिजापासून ५० अंश वर असतो. याचा अर्थ दक्षिणेच्या खिडकीची फार चिंता करू नये. साडेतीन इंची पट्ट्या तीन-तीन इंचांवर बसवल्या आणि अगदी आडव्या ठेवल्या तर ४० अंशांच्या वरचं सगळं ऊन त्या अडवतात. डिसेंबरच्या भर दुपारीही दक्षिणेच्या खिडकीत पट्ट्या आडव्या, समोरचं झाड दिसतंय आणि ऊन मात्र आत नाही. चांगला हातभर छज्जा असेल तर झडप नसली तरी चालेल. उत्तरेच्या खिडकीला तर मी खर्चच करणार नाही. पूर्वेचं ऊन सकाळचं, कोवळं, आणि आपल्याकडे ते हवंहवंसं असतं.

खरी परीक्षा पश्चिमेची. मावळतीचा किरण किती आत शिरू शकतो हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. अंबाबाईच्या देवळाचं तोंड पश्चिमेला. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळता किरण महाद्वारातून निघून गाभाऱ्यापर्यंत जातो, देवीच्या पायांवरून वर चढत मुखापर्यंत पोचतो. किरणोत्सवाच्या आधी वाटेतले अडथळे तपासले जातात, कोणत्या इमारतीचा कोपरा मधे येतो याची चर्चा होते. सगळं शहर त्या दिवसांत उन्हाचा कोन मोजत असतं. तोच किरण वर्षभर आपल्या पश्चिमेच्या खोलीत शिरतो आणि भिंत तापवून जातो. तिथं मात्र आपण एक जाड पडदा लावून मोकळे होतो.

पश्चिमेची खोली अवघड आहे ती आणखी एका कारणानं. उन्हाळ्यात संध्याकाळी वारा सुटतो तोही पश्चिमेकडूनच, घाटावरून. ज्या खिडकीतून ऊन येतं त्याच खिडकीतून गारवा येतो. पडदा ओढला तर दोन्ही गेलं. इथंच हलत्या पट्टीचं मोल कळतं. मी एप्रिलात घड्याळ लावून पाहिलं आणि मग कागदावर आकृती काढून ताडून घेतलं. पट्ट्या आडव्या ठेवल्या तर साधारण चारपर्यंत ऊन थोपतं. चारनंतर सूर्य ४० अंशांच्या खाली उतरतो आणि उन्हाच्या रेघा फरशीवर उमटू लागतात. तेव्हा दांडी ओढून पट्ट्यांची बाहेरची कड खाली झुकवायची, ४५ अंशांपर्यंत. आता १२ अंशांच्या वरचं सगळं ऊन अडतं आणि वारा येत राहतो. हे सहाला थोडा अवकाश असेपर्यंत चालतं. पुढचा पाऊण तास कोणतीच आडवी पट्टी ऊन अडवू शकत नाही, कारण किरणच आडवा झालेला असतो. तेवढा वेळ झडप पूर्ण मिटायची. पावणेसातला सूर्य बुडाला की सगळं सताड उघडं. दिवसातून चार वेळा दांडीला हात लावायचा. हे जमणार नसेल, घरात दुपारी कुणीच नसेल, तर हलत्या पट्टीवर पैसे घालू नयेत. ४५ अंशांत पक्क्या ठोकलेल्या पट्ट्या कमी खर्चात होतात आणि बिघडण्यासारखं त्यांत काही नसतं.

बाहेरची कड खाली ठेवण्याचा आणखी एक फायदा. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून तुमच्या खोलीत दिसत नाही, आणि तुम्हाला मात्र खालचा रस्ता, फाटकाशी आलेला माणूस दिसतो. पाणीही पट्टीवरून बाहेर ओघळतं. तिरका, वाऱ्याबरोबर येणारा आपला पाऊस मात्र पट्ट्यांतून तुषार आत फेकतोच. जुलैत पश्चिमेची झडप मिटून मागची काच ओढून घ्यावी लागते.

आता माझी चूक. चार वर्षांपूर्वी आम्ही पश्चिमेच्या झोपण्याच्या खोलीला एका कंपनीकडून तयार शटरं बसवून घेतली. पांढरी, गुळगुळीत, आत एमडीएफ म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला पाट आणि वर रंगाचा थर. कॅटलॉगात दाखवल्याप्रमाणे सरकत्या काचेच्या आत. पहिल्याच एप्रिलात लक्षात आलं की खोली गार होत नाही. ऊन काचेतून आत येऊन पट्ट्यांवर पडत होतं, पट्ट्या तापत होत्या, आणि ती ऊब काच आणि पट्टी यांच्यामधून खोलीतच उतरत होती. हात लावला तर पट्टी तव्याच्या कडेसारखी. उष्णता एकदा काचेच्या आत आली की ती घरातच राहते, तिला मागे फिरायला वाट नसते. रेल्वेच्या खिडकीत पट्ट्यांची झडप ओढताना आपण काच वर ठेवतो. मी मधे काच ठेवून पट्टी लावली आणि थंडाव्याची वाट पाहत बसले.

जुलैत दुसरं दुखणं. पट्ट्यांच्या टोकांशी, जिथं खुंटीसाठी भोक पाडलेलं असतं आणि रंग पोचलेला नसतो, तिथून ओल शिरली. टोकं फुगली, दांडी अडली. मी जोर लावला आणि खालून तिसरी पट्टी खुंटीसकट निखळली. बसवणाऱ्यांचं म्हणणं पडलं की दमट हवेची हमी करारात नाही. करार मीच वाचला नव्हता. काश्मीरपासून केरळपर्यंत एकच कॅटलॉग चालवायचा तर असं होणारच, पण ज्या शहरापासून गगनबावडा दीड तासावर आहे तिथं तरी 'हे लाकूड ओलीला टिकेल का' हा पहिला प्रश्न असायला हवा.

बाहेरच्या बाजूला पट्ट्या लावल्या तर काय होतं याचं भारतातलं उत्तम उदाहरण पुदुच्चेरीत आहे. अरविंद आश्रमाची गोलकोंड ही निवासाची इमारत. अँटोनिन रेमंड या वास्तुरचनाकाराची ती रचना, १९३० आणि ४० च्या दशकांत उभी राहिली. तिथं काम करणाऱ्यांत जॉर्ज नाकाशिमा होता, जो पुढे लाकूडकामासाठी जगभर ओळखला गेला. तिच्या उत्तर आणि दक्षिण या दोन्ही लांब बाजूंना भिंतीच्या जागी वरपासून खालपर्यंत हलत्या पट्ट्या आहेत. खिडकीत पट्ट्या बसवण्याऐवजी अख्खी भिंतच पट्ट्यांची केली. आतल्या खोल्यांना सागाच्या पट्ट्यांची सरकती दारं, म्हणजे दार लावलं तरी वारा इमारतीतून आरपार जातो. पुदुच्चेरीच्या उकाड्यात एसीवाचून ती राहण्याजोगी राहिली आहे.

आमच्या दुसऱ्या खेपेला मी ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी खिडकी पाहिली, बाहेर जाऊन पाहिली, आणि पहिला प्रश्न विचारला तो ग्रिलचा. "ताई, गज बाहेरच्या कडेला हाय. झडप बाहेर उघडायची तर गज आत घ्याय लागंल." आपल्या बहुतेक घरांत अडचण इथंच आहे. ग्रिल भिंतीच्या बाहेरच्या कडेला बसवलेलं असतं, त्यामुळे झडपेला बाहेर जागाच उरत नाही. जुन्या घरांत गज चौकटीच्या मधोमध असत, झडप त्यांच्या बाहेर, आणि गजांतून हात घालून ती ओढायची, खिडकीच्या पायाशी लोखंडी आकडी अडकवायची. आम्ही ग्रिल काढून चौकटीत साधे उभे गज घातले, चार-चार इंचांवर. नक्षीचं ग्रिल ठेवलं असतं तर हात बाहेर जाऊन दांडीपर्यंत पोचला नसता. पट्ट्या फिरवायची दांडी आतल्या बाजूला हवी आणि गजांमधून मूठ जायला हवी, या दोन गोष्टी चौकट करायच्या आधी ठरल्या नाहीत तर पुढे काही करता येत नाही.

फ्लॅटमध्ये हे सगळं सोपं नाही, मान्य आहे. बाहेरचं रूप बदलायचं तर सोसायटीची परवानगी लागते. पण ज्या फ्लॅटना दीड-दोन फूट पुढे आलेलं बॉक्स ग्रिल आहे, त्यांना सरकत्या काचेच्या आणि ग्रिलच्या मधल्या जागेत घडीची झडप बसवता येते. ती काचेच्या बाहेरच राहते, रस्त्यावरून फारशी दिसतही नाही. कुंड्या तेवढ्या हलवाव्या लागतील.

लाकूड कोणतं? पैसे असतील तर साग, आणि सागात मुरलेला. टिंबर मार्केटमध्ये सीपी टीक म्हणून मिळतो तो, दांडेलीकडचा सांगून विकतात तो, आणि घानाचा म्हणून येतो तो, या तिघांच्या भावात बराच फरक असतो. झडपेची पट्टी पातळ, १०-१२ मिलिमीटरची, त्यामुळे मोठ्या मापाचं अखंड लाकूड लागत नाही. म्हणूनच मी जुन्या सागाचा आग्रह धरीन. पाडलेल्या घरांची दारं, तुळया, चौकटी विकणाऱ्यांकडे पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड मिळतं. खिळे काढावे लागतात, एखाद्या टोकाला वाळवीनं खाल्लेलं असतं, पण जे उरतं ते आता ना फुगायचं ना पिळायचं. नवं लाकूड घेतलंत तर ओलावा मोजून घ्या. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये कोणत्या हवेला लाकडात किती ओल चालते हे ठरवून दिलेलं आहे. झडपेच्या पातळ लाकडाला १२ टक्क्यांच्या आसपास असली तर ठीक. मीटर सुईएवढ्या दोन टोकांचा असतो, चांगल्या दुकानदाराकडे तो असतो आणि तो दाखवायला दुकानदार काचकूच करत असेल तर दुसरं दुकान पाहावं.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पावसाला पक्क्या आहेत, फक्त उन्हात तापतात आणि वाऱ्यात खडखडतात. बाहेरच्या बाजूला आणि फिक्या रंगात असतील तर तापण्याचं फारसं नडत नाही. पीव्हीसीच्या पोकळ पट्ट्या न्हाणीघराला चांगल्या. पश्चिमेच्या उन्हात लांब पट्टी मधे वाकते, ते मी एका घरात पाहिलं आहे. एमडीएफ तर आपल्या हवेत कुठंच नको. शिवाजी उद्यमनगरात लोखंडी पट्ट्यांची जाळी हवी त्या मापाची करून मिळते. जिन्याला, गच्चीच्या खोलीला तीच योग्य.

पट्टीची रुंदी हा आवडीचा भाग समजला जातो. माझ्या मते तो पुसण्याचा भाग आहे. चार फूट उंच, चार फूट रुंद खिडकी धरा. दोन झडपा, वरची-खालची आडवी चार-चार इंच सोडून ४० इंच उरतात. साडेतीन इंची पट्ट्या एका झडपेत १३ बसतील, दोन्हींत मिळून २६. अडीच इंची घेतल्या तर २० आणि ४०. प्रत्येक पट्टीला दोन खुंट्या, म्हणजे पहिल्यात ५२ आणि दुसऱ्यात ८० सांधे, जे कधी ना कधी सैल होणार. धूळ तर दोन्हींवर सारखीच बसते, फक्त फडकं चाळीस वेळा फिरवायचं की सव्वीस वेळा हे तुम्ही ठरवायचं. उजेड आणि दृश्य रुंद पट्टीत जास्त. अडीच इंची पट्टी मी फक्त लहान खिडकीला, न्हाणीघराच्या किंवा जिन्याच्या, वापरीन.

पण रुंद पट्टी फिरताना जागा मागते. साडेतीन इंची पट्टी आडवी झाली की झडपेच्या मध्यापासून दोन्हीकडे पावणेदोन इंच बाहेर येते. मागे गज दीड इंचावर असेल तर ती अर्ध्यातच अडणार. दोन इंच मोकळे हवेतच. सरकत्या खिडकीची मूठ, जाळीची कडी, या गोष्टी मापाच्या दिवशी कुणाच्या ध्यानात नसतात. माप घेताना रुंदी वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावी आणि सगळ्यात कमी ती धरावी. दोन्ही कर्ण मोजावेत. जुन्या दगडी भिंतीत चौकट काटकोनात असेल या भरवशावर राहू नये. आमच्या खिडकीत दोन कर्णांत पाऊण इंचाचा फरक निघाला. मिस्त्रींनी झडप काटकोनात केली आणि चौकटीला एका बाजूनं निमुळती पट्टी मारून फट बुजवली. त्यांनी प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना चौकटीपासून दोन-दोन मिलिमीटर जागा सोडली तेव्हा मी म्हटलं, फट दिसते की. ते म्हणाले, "पावसात दिसायची न्हाई." खरोखरच दिसली नाही. टोकांना आणि भोकांच्या आतसुद्धा त्यांनी कापसाच्या बोळ्यानं जवसाचं तेल मुरवलं. तयार शटरात याच जागी ओल शिरली होती.

दोन फुटांहून जास्त लांबीची पट्टी करू नये, मधे झोळ पडतो. उंच झडपेला मधोमध एक आडवी घालावी. तिच्यामुळे मजबुती येते आणि शिवाय वरच्या पट्ट्या उघड्या, खालच्या मिटलेल्या असं ठेवता येतं. तळमजल्यावर, रस्त्याला लागून असलेल्या खोलीला ही सोय सोन्यासारखी. डासांची जाळी सगळ्यांच्या आत, वेगळ्या हलक्या चौकटीत घ्यावी. पट्टीला जाळी ठोकून घेतली तर ती पुसताच येत नाही.

दारांविषयी थोडक्यात. बाल्कनीच्या रुंद दाराला रुळावर सरकणारी किंवा घडीची पट्ट्यांची झडप सुंदर दिसते, पण वजन पेलायला वरचा रूळ भक्कम लागतो आणि खालच्या रुळात आपल्याकडची लाल माती बसते. मी सहसा सुचवत नाही. उलट, घराच्या आत या पट्ट्यांचा फार चांगला उपयोग आहे आणि तिकडे कुणी बघत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कपड्यांच्या कपाटाला जो कुबट वास येतो, चामड्याच्या चपलांवर जी पांढरी बुरशी धरते, ती कोंडलेल्या हवेमुळे. कपाटाच्या दारांना वर आणि खाली हातभर पक्क्या पट्ट्या घातल्या की हवा खेळते. न्हाणीघराच्या दाराला खालच्या बाजूला, कोठीच्या खोलीला, देवघराच्या कपाटाला धूर निघून जायला, सगळीकडे हेच. ठोकलेल्या पट्ट्या कोणताही सुतार एका दिवसात करून देतो.

पुराची गोष्ट या शहरात वगळता येत नाही. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात तर दर मोठ्या पुरात पाणी आधी शिरतं. ज्या वस्तीच्या नावातच सुतार आहे तिथल्या घरांतली लाकडी दारं दर वेळी बुडतात हे मला फार लागतं. अशा भागात झडप लाकडाची करायचीच तर बिजागरी खुंटीवर बसणारी घ्यावी, स्क्रू न काढता वर उचलली की झडप हातात येईल अशी. पाणी ३९ फुटांवर आलं की सामानाबरोबर झडपाही वरच्या मजल्यावर. एका झडपेचं वजन दोन माणसांना सहज उचलेल इतकंच ठेवावं. चौकट मात्र बुडणारच. ती लोखंडी किंवा दगडी असलेली बरी.

आणि ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांच्यासाठी. झडप महाग आहे, सागाची तर फारच. पण ऊन काचेच्या बाहेर अडवायचं हे काम बांबूची चिकही करते. बुरूड गल्लीत माप सांगून चिक करून घ्या, पश्चिमेच्या खिडकीच्या बाहेर, छज्ज्याच्या आतल्या कडेला टांगा, दोरी आत घ्या. पट्टी फिरवता येणार नाही, दोन-तीन पावसाळ्यांत ती कुजेल, पण काचेच्या आत बसवलेल्या महागड्या शटरापेक्षा खोली तीच गार ठेवील. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. ती निखळलेली पट्टी पुन्हा बसवून आणण्याऐवजी एक अख्खा उन्हाळा आम्ही चिकेवर काढला आणि तो बरा गेला.

करायचं ठरलंच तर सगळ्या घराची ऑर्डर एकदम देऊ नका. पश्चिमेची एकच खिडकी आधी करा आणि तिला एक एप्रिल आणि एक जुलै जाऊ द्या. आमच्या झडपेच्या दोन पट्ट्या पहिल्या पावसाळ्यानंतर सैल पडल्या, आपलं वजन न पेलता खाली झुकायला लागल्या. लाकूड फुगून पुन्हा आकसलं की असं होतं. बाजूच्या उभ्या फळीत प्रत्येक पट्टीसाठी एक आवळायचा स्क्रू ठेवलेला असतो, तो पाव फेरा फिरवायचा. मिस्त्री नवरात्रात आले, अष्टमीच्या सकाळी, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आणि त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, कामाला निघत नाहीत. स्क्रू आवळले, दांडीच्या खालच्या दोन कड्या बदलल्या, टोकांना पुन्हा तेल लावलं. अर्ध्या तासाचं काम. आता दर वर्षी अष्टमीला ते येतात.